यशाची पट्टी कोणी आखली? योनीमार्गातल्या जाळीचं प्रकरण

१६ एप्रिल २०१९ रोजी एफडीएने, म्हणजे औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, बोस्टन सायंटिफिक आणि कोलोप्लास्ट या दोन कंपन्यांना आदेश दिला: अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशय योनीतून खाली सरकण्याच्या तक्रारीवर योनीमार्गातून बसवायची कृत्रिम जाळी विकणं थांबवा, आणि बाजारातला माल परत कसा घेणार ते दहा दिवसांत कळवा. अमेरिकेत तोवर हे उत्पादन विकणाऱ्या या दोनच कंपन्या उरल्या होत्या. या कामासाठीच्या पहिल्या जाळीला त्याच एफडीएने २००२ मध्ये परवानगी दिली होती. २०१० या एका वर्षात अमेरिकेत अंग बाहेर येण्यावरच्या सुमारे तीन लाख शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या सुमारे ७५ हजारांत योनीमार्गातून जाळी बसवली गेली.

या प्रकरणात कंपन्यांच्या नफ्याचा आणि ढिल्या नियमांचा वाटा मोठा आहे. पण जाळी आली त्याच्या आधी एक गोष्ट घडली होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जुनी, टाके घालून दुरुस्त करायची शस्त्रक्रिया फसते, असं बऱ्याच डॉक्टरांचं प्रामाणिक मत झालं होतं. ते मत ज्या मोजमापावर उभं होतं, त्या मोजमापाचा बाईच्या दुखण्याशी फार थोडा संबंध होता.

आधी दुखणं समजून घेऊ. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने जागेवर राहतात. बाळाचं डोकं बाहेर येताना या झोळीचा मधला भाग किती ताणला जातो, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीत मोजलं. काही तंतू मूळ लांबीच्या सव्वातीन पटींपर्यंत ताणले जात होते. त्याच विद्यापीठात जॉन डिलान्सी यांनी २००३ मध्ये एमआरआय तपासण्या प्रसिद्ध केल्या. पहिलं मूल योनीमार्गे झालेल्या १६० बायकांपैकी ३२ जणींच्या स्नायूत दोष दिसला. मूल न झालेल्या ८० जणींपैकी एकीच्याही स्नायूत तो दिसला नाही. सिडनीच्या हान्स पीटर डिट्झ यांनी २००५ मध्ये सोनोग्राफीने बाळंतपणाआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा योनीमार्गे बाळंत झालेल्या ३९ जणींपैकी १४ जणींचा हा स्नायू जघनास्थीपासून, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून, उखडलेला निघाला. चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात हा धोका अधिक, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

ही इजा बाळंतपणाच्या खोलीत कुणाला दिसत नाही. वरचे टाके भरतात, बाई घरी जाते, लेकरं मोठी होतात. कित्येक वर्षांनी, बहुधा पाळी जायच्या सुमारास किंवा त्यानंतर, जड उचललं, दिवसभर उभं राहिलं, खोकल्याची उबळ आली की खाली काहीतरी सरकल्यासारखं वाटू लागतं. बसताना गोळ्यावर बसल्यासारखं होतं. लघवी पूर्ण होत नाही, कधी शिंकताना सुटते. काहींना बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवीला किंवा शौचाला होत नाही, आणि हे त्या नवऱ्यालाही सांगत नाहीत.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या सुमारे दीड लाख सभासद स्त्रियांपैकी ज्यांच्यावर १९९५ मध्ये अंग बाहेर येणं किंवा लघवी सुटणं यासाठी शस्त्रक्रिया झाली, त्यांच्या नोंदी ऑल्सेन आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. दोन आकडे निघाले. ऐंशी वर्षं जगणाऱ्या बाईला अशी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता ११.१ टक्के, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २९.२ टक्के बायकांची ती पहिली वेळ नव्हती.

हा दुसरा आकडा पुढची दहा-पंधरा वर्षं जवळजवळ प्रत्येक भाषणात आणि प्रत्येक निबंधात येत राहिला, आणि येताना त्याचा अर्थ बदलला. दर तिघींतल्या एकीची शस्त्रक्रिया फसते, असं तो सांगू लागला. मूळ अभ्यासात ते म्हटलेलं नव्हतं. त्या एका वर्षी टेबलावर आलेल्या बायकांमध्ये आधी कधीतरी टाके पडलेल्या किती, एवढंच त्यातून कळत होतं. त्याच बायकांचा पुढे दहा वर्षं माग घेतला, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागलेल्यांचं प्रमाण सुमारे १७ टक्के निघालं. तो निबंध २००८ मध्ये आला. तोवर जाळीचे संच सगळीकडे पोहोचले होते.

मोजमाप कसं होतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण सगळं प्रकरण तिथेच वळतं. बाई तपासणीच्या टेबलावर पाय वर घेऊन झोपते. डॉक्टर तिला जोर करायला सांगतात. योनीमुखाची कडा ही शून्य रेषा धरायची आणि भिंतींचा सर्वांत खाली आलेला बिंदू त्या रेषेच्या किती सेंटिमीटर वर किंवा खाली आहे, ते मोजायचं. १९९६ मध्ये ठरलेली ही पद्धत जगभर वापरतात आणि ती चांगली आहे. काहीच खाली आलेलं नसेल तर शून्य पायरी; आलं, पण कडेच्या एक सेंटिमीटरहून वर राहिलं तर पहिली; एक सेंटिमीटर वर ते एक सेंटिमीटर खाली या पट्ट्यात आलं तर दुसरी; त्याखाली तिसरी आणि चौथी. मात्र ही तपासणी बहुधा सकाळी होते, झोपलेल्या अवस्थेत होते. बाईची तक्रार असते संध्याकाळची, ओट्याशी किंवा शेतात दिवसभर उभं राहिल्यानंतरची.

आता यश कशाला म्हणायचं? २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या एका कार्यगटाने ठरवलं की शस्त्रक्रियेनंतर शून्य पायरी म्हणजे उत्तम आणि पहिली पायरी म्हणजे समाधानकारक. दुसरी पायरी आली की अपयश. कागदावर हे काटेकोर आणि नेटकं वाटतं. पण त्याच्या वर्षभर आधी स्टीव्हन स्विफ्ट यांनी नेहमीच्या वार्षिक तपासणीला आलेल्या ४९७ बायका तपासल्या होत्या. या बायका अंग बाहेर येतंय म्हणून आलेल्या नव्हत्या. त्यांच्यापैकी शून्य पायरीवर होत्या ६.४ टक्के, पहिल्यावर ४३.३ टक्के आणि दुसऱ्यावर ४७.७ टक्के. म्हणजे नेहमीच्या तपासणीला आलेल्या जवळजवळ निम्म्या बायका नव्या पट्टीने नापास झाल्या असत्या, कुणी त्यांना हातही लावलेला नसताना.

आणि मग क्लीव्हलंड क्लिनिकमधला प्रयोग. अ‍ॅन वेबर आणि सहकाऱ्यांनी योनीची पुढची भिंत दुरुस्त करायच्या तीन पद्धती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून दिल्या: नेहमीचे टाके, नेहमीचे टाके अधिक विरघळणारी जाळी, आणि बाजूने ओढून घातलेले टाके. १०९ जणींवर शस्त्रक्रिया झाली, ८३ जणी पुन्हा तपासणीला आल्या. उत्तम किंवा समाधानकारक निकाल अनुक्रमे ३०, ४२ आणि ४६ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबाने तिन्ही पद्धतींत फरक नव्हता, पण वाचणाऱ्यांच्या मनात राहिला तो पहिला आकडा. नेहमीची शस्त्रक्रिया दहापैकी तिघींनाच बरं करते, असा त्याचा बोभाटा झाला. शल्यविशारदांना पेशंटचं भलंच हवं होतं, आणि असा आकडा समोर आल्यावर त्यांनी दुसरं काही शोधलं नसतं तरच नवल.

दुसरं काही हाताशीच होतं. हर्नियासाठी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी वर्षानुवर्षं वापरात होती. लघवी सुटण्यावर मूत्रनलिकेखाली अरुंद पट्टी बसवायची पद्धत स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. ती पट्टी आणि अंग बाहेर येण्यावरची मोठी जाळी यांत गल्लत करू नये. पट्टीचा पुरावा बराच भक्कम आहे आणि अनेक देशांत ती आजही वापरतात. पण परवानगीची वाट दोघींची एकच होती: आपलं उपकरण बाजारात आधीपासून असलेल्या एखाद्या उपकरणासारखंच आहे एवढं दाखवायचं, माणसांवर नवे प्रयोग करायची गरज नाही. १९९६ मध्ये प्रोटेजेन नावाच्या पट्टीला परवानगी मिळाली. १९९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या एथिकॉन या कंपनीच्या टीव्हीटी पट्टीला प्रोटेजेनसारखीच म्हणून परवानगी मिळाली. १९९९ मध्ये प्रोटेजेन त्रासदायक ठरल्याने कंपनीने परत घेतली, पण तिच्या नावावर मिळालेली परवानगी तशीच राहिली. एथिकॉनचाच प्रोलिफ्ट हा अंग बाहेर येण्यावरचा जाळीसंच २००५ मध्ये विकायला आला, आणि त्याला एफडीएची स्वतंत्र परवानगी मिळाली २००८ मध्ये.

संच म्हणजे काय? खोक्यात बेतून कापलेली जाळी, तिला दोन्ही बाजूंना लांब हात, आणि ते हात ओढून न्यायला वळणदार जाड सुया. योनीच्या भिंतीला चीर द्यायची, भिंत आणि मूत्राशय यांच्यामध्ये जाळी पसरायची, आणि तिचे हात मांडीच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या भोकातून, न पाहता, निव्वळ बोटाच्या अंदाजाने बाहेर काढायचे. जाळीभोवती ऊती वाढते, घट्ट होते, आकसते. मग जाळी ताणली जाते, तिचे हात मांडीतल्या आणि ओटीपोटातल्या नसांजवळ खेचले जातात, आणि कधी पातळ झालेल्या योनीच्या अस्तरातून तिचे धागे डोकं वर काढतात.

परकी वस्तू शरीरात बसवणं यात वेगळं काही नव्हतं, हेही सांगायला हवं. मूळचे गोव्याच्या शिरोड्याचे आणि मुंबईत नाव कमावलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, तसेच मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात तरुण बायकांचं गर्भाशय न काढता ते वर बांधून घ्यायच्या शस्त्रक्रिया बसवल्या. त्या त्यांच्या नावांनी आजही शिकवल्या जातात आणि त्यांत कृत्रिम फीतही वापरतात. पण ती फीत पोटाच्या बाजूने जाते आणि गर्भाशयाला आधार देते. योनीच्या चिरलेल्या, जंतूंनी भरलेल्या भिंतीमागे हाताएवढं कापड पसरणं ही वेगळी गोष्ट होती.

बायकांच्या तक्रारी सुरुवातीपासून येत होत्या. रक्त जाणं, घाण पाणी जाणं, बसता न येण्याइतकं दुखणं, मांडीत कळा, शरीरसंबंधाच्या वेळी सुरी लागल्यासारख्या वेदना, नवऱ्यालाही धागा टोचणं. यांतलं पुष्कळसं उपकरणाशी जोडलंच गेलं नाही. टाके अजून कच्चे आहेत, पाळी गेल्यामुळे कोरडेपणा आला आहे, मनावर घेऊ नका, असं ऐकून त्या परतत राहिल्या. ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने जुलै २०२० च्या अहवालात हे फार स्पष्ट नोंदवलं: बायकांनी सांगितलं, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये एफडीएने पहिली सूचना काढली तेव्हा तीन वर्षांत हजाराहून अधिक नोंदी आल्या होत्या. २००८ ते २०१० या तीन वर्षांत आणखी २,८७४ आल्या. त्यांतल्या १,५०३ अंग बाहेर येण्यावरच्या जाळीच्या होत्या. जुलै २०११ मध्ये एफडीएने गंभीर गुंतागुंती विरळ नाहीत असं जाहीर केलं.

पुरावा नंतर आला. वॉशिंग्टन भागातला ६५ बायकांचा एक प्रयोग तीन महिन्यांत १५.६ टक्के जणींची जाळी उघडी पडल्यामुळे अर्ध्यात थांबवावा लागला. तो निकाल २०१० चा. २०११ मध्ये नॉर्डिक देशांतल्या ५३ रुग्णालयांतला, ३८९ बायकांचा प्रयोग आला. जाळीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच, म्हणून तो प्रामाणिकपणे वाचायला हवा. वर्षभराने काहीतरी बाहेर आल्याची भावना नसलेल्या बायका जाळीच्या गटात ७५.४ टक्के होत्या, टाक्यांच्या गटात ६२.१ टक्के. फरक खरा आहे. पण ठळकपणे मांडला गेला तो जोडआकडा, ज्यात लक्षण नसणं आणि पायरी शून्य किंवा एक असणं, दोन्ही हवं होतं: ६०.८ विरुद्ध ३४.५. टाक्यांच्या गटातल्या ६२ टक्के बायकांना काही बाहेर आल्यासारखं वाटत नव्हतं, तरी त्या गटाचं यश ३४.५ टक्केच लिहिलं गेलं. त्याच प्रयोगात शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्राशयाला भोक पडण्याचं प्रमाण जाळीच्या गटात ३.५ टक्के होतं, टाक्यांच्या गटात ०.५, आणि नव्याने लघवी सुटणं १२.३ टक्के विरुद्ध ६.३.

ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत झालेला प्रॉस्पेक्ट हा प्रयोग २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याने मुख्य प्रश्न बाईलाच विचारला: तुम्हाला किती त्रास होतोय? ० ते २८ या मापावर (गुण जास्त तितका त्रास जास्त) एका वर्षाने साध्या टाक्यांच्या गटाचे गुण ५.४, जाळीच्या गटाचे ५.५. दोन वर्षांत जाळीच्या ४३४ जणींपैकी ५१ जणींना जाळीमुळे गुंतागुंत झाली.

मात्र मला या सगळ्यात सर्वांत हादरवणारा वाटतो तो २०११ चा एक छोटा निबंध. चमिलेव्स्की आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत मूळ प्रयोगातले लोकही होते, क्लीव्हलंडच्या त्याच जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. नवीन बाई नाही, नवीन टाका नाही. फक्त यशाची व्याख्या बदलली: भिंत योनीमुखाच्या कडेच्या खाली आलेली नसावी, बाईला बाहेर आल्यासारखं वाटत नसावं, आणि पुन्हा उपचार लागलेले नसावेत. एका वर्षाने यश निघालं ८८ टक्के. पुन्हा शस्त्रक्रिया लागली ती एका बाईला, २९ महिन्यांनी. तिन्ही पद्धती सारख्याच.

ज्या शस्त्रक्रियेला तीस टक्क्यांची म्हणून हिणवलं, ती बायकांच्या लेखी चांगलीच निभावत होती. तिच्यावर उपाय म्हणून आलेली जाळी हजारो बायकांच्या योनीच्या भिंतींमागे घातली गेली. मूळ संशोधकांनीच आपले आकडे पुन्हा उघडून पाहिले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. असं फार थोडे करतात. २००९ मध्ये मॅथ्यू बार्बर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की आपण बऱ्या झालो की नाही हे बाई ठरवते ते फुगवटा जाणवतो की नाही यावरून; पायरीच्या आकड्याशी तिच्या समाधानाचा मेळ बसत नाही. हे विचारायला यंत्र लागत नव्हतं. १९९७ मध्येही विचारता आलं असतं.

पुढची पडझड झपाट्याने झाली. प्रोलिफ्टची विक्री २०१२ मध्ये थांबली. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या आरोग्यमंत्र्यांनी रुग्णालयांना जाळी थांबवायची विनंती केली, ती जाळी बसवलेल्या बायकांनी संसदेत याचिका नेल्यानंतर. इंग्लंडने जुलै २०१८ मध्ये वापर थांबवला, लघवीवरच्या पट्टीसकट. नोव्हेंबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती अ‍ॅना कॅट्झमन यांनी जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपन्यांविरुद्ध निकाल दिला, आणि २०२२ मध्ये ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका न्यायालयात वेगवेगळ्या कंपन्यांविरुद्धचे मिळून लाखाहून अधिक दावे गोळा झाले होते.

आपल्याकडे हे दुखणं घेऊन गेलेल्या बाईला बरेचदा एकच वाक्य ऐकायला मिळतं: पिशवी काढून टाकू. गर्भाशय खाली आलंय म्हणजे दोष गर्भाशयाचा, असं तिलाही वाटतं. दोष आधाराचा असतो. गर्भाशय काढलं आणि योनीचा वरचा भाग नीट बांधून घेतला नाही, तर तोच भाग पुढे खाली येतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीला तर कित्येकदा शस्त्रक्रियेची घाईच नसते. २०१४ च्या पॉपी या प्रयोगात ४४७ बायकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने एकेकीला बसवून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले, आणि वर्षभराने त्यांचा त्रास दुसऱ्या गटापेक्षा कमी होता. रिंग पेसरी, म्हणजे योनीत बसवून आधार देणारी कडी, स्वस्त आहे, काढता-घालता येते. ज्या बाईला शस्त्रक्रिया सुचवली आहे तिने, किंवा तिच्या लेकीने, डॉक्टरांना विचारावं: नक्की कुठली भिंत खाली आली आहे, वरचा भाग कशाला बांधणार, आत काही कायमचं बसवणार का, आणि शस्त्रक्रियेनंतर माझा कुठला त्रास जाईल आणि कुठला राहील?

जाळी बसवलेल्या बायकांचं पुढे काय, याला सोपं उत्तर नाही. ऊतीत रुजलेली जाळी अनेकदा पूर्ण निघत नाही, आणि काढताना मूत्राशयाला, नसांना नवी इजा होऊ शकते. इंग्लंडने २०२१ पासून त्यासाठी खास केंद्रं सुरू केली. स्कॉटलंडच्या कित्येक जणींनी तोवर स्वतःच्या पैशाने खासगी रुग्णालयांत जाळी काढून घेतली होती. तो खर्च सरकारने परत द्यावा म्हणून तिथल्या संसदेने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केला.